ऋण, तगादा आणि बंधन : पालि वाङ्मयातील ऋणकोचा विचार

ज्या समाजात खासगी मालमत्ता आहे त्या समाजात ऋण असते, आणि ज्या समाजात ऋण आहे त्या समाजात ते फेडू न शकणारा मनुष्यही असतो. अशा मनुष्याचे काय करावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास तो माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, असे दिसून येते. धनकोने ऋणकोची केवळ मालमत्ता घ्यावी, की त्याचे शरीर, त्याचे श्रम आणि त्याची मुलेही घ्यावीत? ऋणकोने पळून जावे, की धनकोसमोर उभे राहावे? राज्यसंस्थेने कोणाच्या बाजूला उभे राहावे? या प्रश्नांना एखाद्या समाजाने दिलेल्या उत्तरांवरून त्या समाजाची नैतिक पातळी पारखता येते.

भगवान बुद्धांच्या शिकवणुकीचा अभ्यास करताना आपले लक्ष दुःख, तृष्णा, अनित्यता या संज्ञांकडे स्वाभाविकपणे अधिक जाते. परंतु तिपिटकात ऋण, व्याज आणि वसुली यांचे उल्लेख वारंवार येतात, आणि ते अत्यंत व्यवहारी स्वरूपाचे आहेत. तथागतांचा काळ हा मगध व कोसल या जनपदांतील नगरांच्या वाढीचा, सार्थवाहांच्या व्यापाराचा, श्रेष्ठींच्या संपत्तीचा आणि नाण्यांच्या प्रसाराचा काळ होता. पैसा व्याजाने देणारा आणि घेणारा, दोघेही बुद्धांच्या श्रोत्यांत बसत असत. म्हणूनच त्यांच्या उपदेशात ऋणाचे चित्र इतके सजीव उतरले आहे. त्या चित्राचा परामर्श घेणे आणि पुढील इतिहासाच्या प्रकाशात त्याचे मोल तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुःखाच्या सहा कड्या

अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात ‘इण सुत्त’ नावाचे एक सुत्त आहे. ‘इण’ म्हणजे ऋण. या सुत्तात बुद्ध भिक्खूंना विचारतात की, कामभोगी गृहस्थाला दारिद्र्य हे दुःख आहे की नाही? भिक्खू होकार देतात. मग एकापाठोपाठ एक अशा पुढील पायऱ्या मांडल्या जातात. दरिद्री मनुष्य ऋण काढतो, तेही दुःख. ऋण काढल्यावर व्याज कबूल करावे लागते, तेही दुःख. ठरल्या वेळी व्याज दिले नाही की धनको तगादा लावतात, तेही दुःख. तगाद्यालाही दाद मिळाली नाही की ते त्याच्या मागे मागे फिरतात, तेही दुःख. आणि अखेरीस ते त्याला बांधून टाकतात, तेही दुःख.

दारिद्र्य, ऋण, व्याज, तगादा, पाठलाग आणि बंधन अशा या सहा कड्या आहेत. या सुत्ताचा उत्तरार्ध आध्यात्मिक आहे. ज्याच्या ठायी श्रद्धा, लज्जा, पापभीरुता, वीर्य आणि प्रज्ञा नाही तो आर्य विनयात दरिद्री होय, असे तेथे सांगितले आहे. परंतु उपमा परिणामकारक व्हावयाची असेल तर ती ऐकणाऱ्याच्या अनुभवातील असावी लागते. या सहा कड्या ऐकणाऱ्यांना परिचित होत्या, म्हणूनच त्या उपमेसाठी निवडल्या गेल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. या साखळीच्या आरंभी बुद्धांनी ऋणकोचे पूर्वजन्मीचे पाप ठेवलेले नाही, त्याची जातही ठेवलेली नाही. आरंभी आहे ते दारिद्र्य. हे असल्यामुळे ते होते, ही प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी येथे एका सामान्य सांसारिक आपत्तीला लावलेली दिसते. कारण सांगितले गेले की निवारणाचा मार्गही आपोआप सूचित होतो. पहिली कडी तुटली तर पुढील पाच कड्या घडतच नाहीत.

याच निकायाच्या चतुक्क निपातात अनाथपिंडिक श्रेष्ठीला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. मालमत्ता असण्याचे सुख, तिचा उपभोग घेण्याचे सुख, ऋणमुक्तीचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख, अशी ती चार होत. श्रावस्तीच्या धनाढ्य व्यापाऱ्याला उपदेश करताना बुद्धांनी संपत्तीच्या सुखानंतर कोणाचेही देणे नसण्याचे सुख स्वतंत्रपणे मोजले, हे अर्थपूर्ण आहे. दीघ निकायाच्या सामञ्ञफल सुत्तातही राजा अजातशत्रूला पाच नीवरणे समजावून सांगताना पहिली उपमा ऋणाची येते. ऋण काढून धंदा करणाऱ्याचा धंदा यशस्वी व्हावा, त्याने जुने देणे फेडावे आणि बायकोमुलांच्या पोषणापुरते उरावे, तेव्हा त्याला जो आनंद होतो तसा आनंद नीवरणांतून सुटलेल्या चित्ताला होतो. त्या उपमांच्या ओळीत ऋणानंतर रोग, कारागृह, दास्य आणि वाळवंटातील वाट ही चार संकटे येतात. ऋण या संकटांच्या पंक्तीत बसते, हा त्या काळाचा अनुभव होता.

तीन ऋणको

पालि वाङ्मयातील तीन ऋणको विशेष लक्षात राहतात. पहिला संयुत्त निकायातील भारद्वाज गोत्राचा ब्राह्मण. त्याचे चौदा बैल हरवले आहेत, तिळाचे पीक बुडाले आहे, रिकाम्या कोठारात उंदीर नाचत आहेत, घरात सात विधवा मुली आहेत. आणि पहाट होताच धनको दारात उभे राहून देणे मागत आहेत. कोसलच्या अरण्यात शांत बसलेल्या तथागतांना पाहून तो म्हणतो, या श्रमणाला असले काही भोगावे लागत नाही, म्हणूनच हा सुखी आहे. वर्णाने सर्वांत वरचा असलेला हा मनुष्य पहाटेच्या तगाद्यापुढे तितकाच असहाय आहे.

दुसरा रुरु जातकातील महाधनक. वाराणसीच्या श्रीमंत घराण्यातील या मुलाने नाचगाण्यात आणि खाण्यापिण्यात सारी संपत्ती उडविली. धनको मागे लागले तेव्हा, गंगेच्या काठी पुरलेले धन देतो, ऋणपत्रे घेऊन या, असे सांगून त्याने त्यांना नदीवर नेले आणि स्वतः प्रवाहात उडी घेतली. सुवर्णमृगाच्या रूपातील बोधिसत्त्वाने त्याला वाचविले; परंतु पुढे बक्षिसाच्या लोभाने त्याने त्या मृगाचाच घात करू पाहिला. कथेतील आश्चर्याचा भाग बाजूला ठेवला तरी एक वास्तव उरते. लेखी ऋणपत्रे, एकत्र जमलेले अनेक धनको आणि सर्व देणी एकाच वेळी थकलेला मनुष्य, म्हणजे आजच्या भाषेत ज्याला दिवाळे म्हणतात ते येथे पूर्ण स्वरूपात आहे. कर्जापायी जीव देण्याचा विचारही तेथे आहे.

तिसरी कथा थेरीगाथेतील इसिदासीची आहे. पाटलिपुत्रात बोधी नावाच्या भिक्खुणीला ती आपला पूर्ववृत्तान्त सांगते. एका पूर्वजन्मी ती गाडीवानाच्या दरिद्री घरात जन्मली. घर धनकोंच्या देण्याखाली दबलेले होते. व्याज साचत गेले आणि एका सार्थवाहाने त्या व्याजापोटी रडणाऱ्या मुलीला घरातून ओढून नेले. कर्ज बापाचे, व्याज सार्थवाहाचे आणि शरीर मुलीचे. इण सुत्तातील सहावी कडी ऋणकोपाशीच थांबत नाही, ती त्याच्या लेकरापर्यंत पोहोचते, हे एका स्त्रीने स्वतःच्या शब्दांत सांगितलेले आहे.

उत्तमर्ण आणि अधमर्ण

या पार्श्वभूमीवर स्मृतींचा ऋणकायदा पाहणे उद्बोधक ठरते. संस्कृत धर्मशास्त्रात धनकोला ‘उत्तमर्ण’ आणि ऋणकोला ‘अधमर्ण’ म्हणतात. एक उत्तम आणि दुसरा अधम, अशी ही परिभाषा आहे. पालि भाषेत ‘इणायिक’ हा एकच शब्द कधी ऋणकोसाठी तर कधी धनकोसाठी वापरलेला आढळतो. ऋणाशी ज्याचा संबंध आहे तो इणायिक. केवळ शब्दावरून सिद्धान्त काढणे योग्य नव्हे. तथापि या शब्दाने दोन्ही पक्षांना एकाच व्यवहाराचे भागीदार मानले आहे, एवढे म्हणावयास हरकत नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर दिले आहेत. तारण असलेल्या ऋणाला वसिष्ठाने सांगितलेला दर दरमहा शेकडा सव्वा आहे. परंतु पुढे वर्णक्रमाने दर सांगितले आहेत. ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. वर्षाचा हिशेब केल्यास ब्राह्मणाला शेकडा चोवीस आणि शूद्राला शेकडा साठ. ज्याची फेडण्याची शक्ती सर्वांत कमी त्याच्यावर व्याजाचा भार सर्वांत अधिक, असा हा न्याय आहे.

वसुलीच्या बाबतीतही असेच आहे. धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल अशा पाच उपायांनी धनकोने आपले धन मिळवावे, असे मनू सांगतो. ‘छल’ म्हणजे कपट आणि ‘बल’ म्हणजे जबरदस्ती. जो धनको स्वतःच वसुली करून घेतो त्याला राजाने दोष देऊ नये, असेही तेथे म्हटले आहे. ऋणको समान किंवा खालच्या जातीचा असेल तर त्याने श्रम करून ऋण फेडावे. वरच्या जातीचा असेल तर त्याने हळूहळू द्यावे. एकाच्या ऋणाची फेड त्याच्या देहाने आणि दुसऱ्याच्या ऋणाची फेड त्याच्या सवडीने.

ऐतिहासिक न्यायबुद्धीने हेही नोंदविले पाहिजे की, प्राचीन भारतातील सारे अर्थविचारक याच वाटेने गेले नाहीत. शेतीच्या हंगामात शेतकऱ्याला ऋणासाठी पकडू नये, असा नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये हा ‘दामदुपटी’चा नियम तर मनुस्मृतीतही आढळतो आणि त्याचा आधार पुढे शतकानुशतके ऋणकोंना मिळाला. परंतु व्याज आणि वसुली ही वर्णाच्या मापाने मोजली जाणे, ही त्या व्यवस्थेची मूळ प्रवृत्ती होती.

संघाच्या दारातील ऋणको

बुद्धांचा संघ सर्व वर्णांना खुला होता. मग कर्जात बुडालेल्या मनुष्यालाही तो खुला होता काय? या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकाच्या महावग्गात आहे आणि ते प्रथमदर्शनी कठोर वाटते.

मगधराज सेनिय बिंबिसाराने असे जाहीर केले होते की, शाक्यपुत्रीय श्रमणांत जे प्रव्रजित होतील त्यांना कोणी काही करू नये. एक ऋणको पळाला आणि भिक्खू झाला. धनकोंनी त्याला ओळखले. हाच आपला ऋणको, याला धरू या, असे काहींनी म्हटले. तेव्हा इतरांनी राजाज्ञेची आठवण करून दिली. लोक कुरकुरू लागले की, या श्रमणांना आता भयच उरले नाही, हे ऋणकोलाही प्रव्रज्या देतात. ही गोष्ट बुद्धांच्या कानी आली तेव्हा, ऋणकोला प्रव्रज्या देऊ नये आणि जो भिक्खू देईल त्याला दुक्कटाचा दोष लागेल, असा नियम त्यांनी केला. आजही उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारले जातात त्यांत, तू स्वतंत्र आहेस काय, यानंतर तू ऋणमुक्त आहेस काय, हा प्रश्न येतो.

कोणी म्हणेल की, येथे संघाने पीडिताला दार बंद केले. हा आक्षेप टाळून चालणार नाही. या नियमाने दुर्बळांची एक वाट बंद झाली, हे खरे आहे. परंतु नियमाचा आशय पुरता पाहिला पाहिजे. दोष ऋणकोला लागत नाही, प्रव्रज्या देणाऱ्या भिक्खूला लागतो. ऋणको असणे हे पाप ठरविलेले नाही. देणे शिल्लक असेपर्यंत तो एक अडथळा आहे, एवढेच. राजाज्ञेच्या आडोशाने चीवर हे देणे बुडविण्याचे साधन झाले असते, तर संघाची विश्वासार्हता नष्ट झाली असती. आणि ज्याने प्रामाणिकपणे उसने दिले तो लहान धनकोही नाडला गेला असता.

अट्ठकथांनी हा नियम पुढे उलगडून दाखविला आहे. बापाने किंवा आजोबाने काढलेले ऋण ज्याच्यावर आहे तोही ऋणको होय, असे तेथे सांगितले आहे. परंतु आप्त किंवा उपासक ते ऋण आपल्या अंगावर घेत असतील तर प्रव्रज्या देता येते. भारद्वाज ब्राह्मणाच्या बाबतीत अट्ठकथा सांगते की, बुद्ध त्याला कोसलराज प्रसेनजितापाशी घेऊन गेले. राजाने त्याच्या धनकोंचे देणे चुकते केले, मुलींची व्यवस्था लावली आणि त्याच्या पत्नीला स्वतःच्या आजीच्या जागी मानले. अशा रीतीने ब्राह्मणाचे अडथळे दूर झाले. ऋण बुडवून नव्हे, तर फेडून. आणि ज्याच्याजवळ फेडावयास काहीच नाही त्याच्यासाठी राजाने पुढे येऊन, अशी ही वाट आहे.

ऋणकोच्या बाजूने जी जबाबदारी आहे ती सुत्तनिपाताच्या वसल सुत्तात स्पष्ट झाली आहे. जन्माने कोणी वसल होत नाही, कर्माने होतो, हे या सुत्ताचे सार आपणा सर्वांना परिचित आहे. परंतु कोणत्या कर्माने, याची जी यादी तेथे येते तिच्यात, ऋण घेऊन मागितल्यावर मी तुझे काही देणे लागत नाही असे म्हणून पळणारा मनुष्यही आहे. न फेडू शकणारा तेथे वसल नाही. असूनही नाकारणारा आणि पळणारा वसल आहे. हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. आधुनिक कायद्याला या भेदापर्यंत येण्यास फार काळ लागला.

राजाचे कर्तव्य

पहिली कडी, म्हणजे दारिद्र्य, तोडण्याचे काम कोणाचे? दीघ निकायाच्या कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राज्यात चोऱ्या आणि लुटालूट माजलेली असताना राजा महायज्ञ करावयास निघतो. तेव्हा त्याचा पुरोहित सांगतो की, फाशी, बेड्या आणि हद्दपारी यांनी हा उपद्रव थांबणार नाही. जे शेती व पशुपालन करतात त्यांना बियाणे आणि चारा द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे राजसेवा करतात त्यांना अन्न व वेतन द्या. चक्कवत्ति सीहनाद सुत्तातही निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी व हिंसा वाढते, असा क्रम दाखविला आहे. भांडवल पुरविणे हे येथे सावकाराच्या मर्जीवर सोडलेले नसून ते राज्याचे कर्तव्य मानले आहे.

भांडवल आणि व्याज यांचा एक शिलालेखीय पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने संघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत ठेवली. दोन हजार एका श्रेणीत दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीत दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते, केवळ व्याजाचा उपयोग करावयाचा होता. दोन हजारांचे वार्षिक व्याज दोनशे चाळीस होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि नोंदविला गेला. श्रेणीने स्वीकारलेली ठेव आणि गरजू मनुष्याने काढलेले कर्ज यांत फरक आहे, हे मान्य केले तरी विणकरांच्या संघटनेला कायमचे भांडवल माफक आणि ठरलेल्या व्याजाने, सर्वांसमक्ष मिळत होते, ही वस्तुस्थिती उरते.

दख्खनचा अनुभव

प्राचीन काळातील या सहा कड्या एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात पुन्हा जशाच्या तशा दिसतात. ब्रिटिश अमदानीत जमिनीचा सारा रोख द्यावा लागे. त्यासाठी कुळाला सावकाराकडे जावे लागे. आणि सावकाराच्या हाती दिवाणी न्यायालयाचे हुकूमनामे आले. पूर्वीचा तगादा आता बेलिफाच्या पावलांनी येऊ लागला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून घेऊन जाळणे हेच बहुतेक ठिकाणी उद्दिष्ट होते. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या याच नागवणुकीचे विदारक चित्र काढले आहे.

या उठावानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना तो आरंभी लागू होता. न्यायालयाने केवळ रोख्यावर विसंबू नये, व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा, हप्ते बांधून द्यावेत आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करू नये, अशी त्याची महत्त्वाची तत्त्वे होती. सहावी कडी कायद्याने तोडण्याचा तो एक आरंभ होता.

परंतु ज्याच्याजवळ जमीनच नव्हती त्याला या कायद्याचा काय उपयोग? त्याच्याकडे गहाण ठेवावयास देहच होता. ठाणे जिल्ह्यातील आदिवासींत ‘लग्नगडी’ ही पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. लग्नासाठी थोडी रक्कम उचलावयाची आणि ती फिटेपर्यंत जमीनदाराकडे राबावयाचे. नवरा तर राबेच, पण बायकोही राबे. सिमिंग्टन यांनी १९३८ च्या सुमारास सरकारला सादर केलेल्या अहवालात या पद्धतीची नोंद आहे, आणि १९४५ च्या वारली उठावाला हीच वेठ कारणीभूत झाली. इसिदासीला ओढून नेणारा सार्थवाह दोन हजार वर्षांनंतरही हयात होता, असेच म्हणावे लागते.

दिवाळे आणि मुक्ती

आपल्याकडे ‘दिवाळे’ हा शब्द अपमानाचा आहे. दिवाळे काढणारा व्यापारी भर दिवसा पेढीवर दिवा लावीत असे, म्हणून हा शब्द आला, असे परंपरेने सांगतात. युरोपातही नादार मनुष्याची गत वेगळी नव्हती. इंग्लंडमध्ये १८६९ च्या कायद्यापर्यंत कर्जासाठी तुरुंगवास ही नित्याची बाब होती. भारतात नादारीचा कायदा १८२८ मध्ये प्रथम मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत आला. पुढे त्या शहरांसाठी १९०९ चा आणि इतर प्रांतांसाठी १९२० चा कायदा झाला. या कायद्यांचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. नादार ठरलेल्या मनुष्याची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात येते, सर्व धनकोंना प्रमाणात वाटणी मिळते, एकेकट्या धनकोचा तगादा थांबतो, आणि प्रामाणिकपणे वागलेल्या ऋणकोला अखेरीस मुक्ती मिळते. ज्याने मालमत्ता लपविली त्याला मात्र शासन होते. वसल सुत्तातील भेद येथे कायद्याच्या भाषेत आलेला दिसतो.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने अंगावरील कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल व बियाणे आणि मजुराचे घर जप्तीतून वगळले. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करण्यास तिने मनाई केली. १९३६ च्या दुरुस्तीने, ऋणकोची लबाडी सिद्ध झाल्याविना त्याला तुरुंगात टाकता येणार नाही, असे ठरले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले की, केवळ दारिद्र्यामुळे देणे न देता येणे हे तुरुंगवासाचे कारण होऊ शकत नाही. बापाचे ऋण फेडण्याचे मुलाचे धार्मिक कर्तव्य पुढे करून मुलावर दावा लावण्याची प्रथा २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने बंद केली.

या साऱ्याच्या पायाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मसुदा झालेल्या संविधानाचे २३ वे कलम आहे. त्याने वेठ आणि सक्तीचे श्रम निषिद्ध केले आणि त्याच कलमाच्या आधारे १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उभा राहिला. या कायद्याने वेठीला कारण झालेले कर्जच रद्द केले. परंतु बाबासाहेबांचा विचार सहाव्या कडीपाशी थांबणारा नव्हता. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत व बियाणे पुरविण्याची जबाबदारी राज्यावर असावी, अशी मागणी केली होती. कूटदन्त सुत्तातील बियाणे, चारा आणि भांडवल यांच्याशी तिचे साम्य सहज ध्यानात येते. दोन्ही ठिकाणी घाव पहिल्या कडीवर आहे. ही मागणी संविधानात समाविष्ट झाली नाही, आणि त्याची किंमत भूमिहीन आणि अल्पभूधारक आजतागायत मोजत आहेत.

व्यक्तीच्या दिवाळखोरीसंबंधी २०१६ च्या संहितेत स्वतंत्र भाग आला. परंतु २०१९ मध्ये तो लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. तगाद्याच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये एक आदेश काढला. थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर ऋणकोला दूरध्वनी करू नये, त्याला धमकावू नये, लोकांत त्याची मानहानी करू नये, असे बँकांना व वित्तसंस्थांना बजावण्यात आले. पहाटेच्या वेळी भारद्वाज ब्राह्मणाच्या दारात उभे राहिलेले धनको येथे आठवल्याविना राहत नाहीत.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती येतात. ऋणकोने आपले देणे नाकारू नये आणि पळू नये, ही पहिली. धनकोचा हक्क मालमत्तेवर आहे. ऋणकोच्या देहावर, लेकरांवर आणि अब्रूवर नाही, ही दुसरी. आणि दारिद्र्याची कडी तोडणे हे राज्याचे व समाजाचे काम आहे, ही तिसरी. यांतील पहिली गोष्ट ऋणकोला नेहमीच सांगितली जाते. उरलेल्या दोन सांगणारे फारच थोडे.

आपल्या वस्त्यांत आजही लग्नासाठी, आजारपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढले जाते. ते थकले की माणूस विहारात येणेही टाळतो, कारण त्याला लोकांच्या नजरेची लाज वाटते. अशा वेळी त्याने लपून राहू नये आणि आपणही त्याला लपू देऊ नये. जप्तीतून काय वगळले आहे, हप्ते कसे बांधून मागावेत, नादारीचा अर्ज कोठे करावा, तगादेवाल्याची तक्रार कोणाकडे करावी, हे सांगणारा एखादा जाणता उपासक प्रत्येक विहारात असला पाहिजे. उपासकांनी अल्प व्याजाचा सामाईक निधी उभारला, तर गोवर्धनच्या विणकरांनी त्रिरश्मीच्या पायथ्याशी जे केले तेच आपण आपल्या काळात करू. अट्ठकथेतील प्रसेनजिताने एका ब्राह्मणाचे ऋण फेडले. आपल्याजवळ राजाचा खजिना नाही, परंतु संघटितपणे केलेल्या मदतीने एखाद्या घरावरील पहाटेचा तगादा थांबविणे आपल्या आवाक्यात निश्चितच आहे.